कराचें ओझें कोणाच्या पाठीवर किती?

(पालघर तालुक्यांतील शेतकरी, मच्छीमार व कारागीर मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी कांहीं वक्ता नाहीं. मराठी ट्रेनिंग कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेला एक खेड्यांतला मास्तर आहें. मुलांना पाढे, त्रैराशिक व शेंकडेवारी शिकविणें हा माझा रोजचा धंदा. सभापतींनीं मला करासंबंधानें चार शब्द बोलावयास सांगितलें, तेव्हां प्रथम वाटलें कीं हा विषय वकिलांचा, आपण त्यांत पडूं नये. परंतु विचार करतां दिसून आलें कीं, ज्याला शेंकडेवारी येते त्याला कराचा न्याय-अन्याय समजावयास वकिलाकडे जावें लागत नाहीं. म्हणून आज मी जें सांगणार आहें तें सातवींतल्या मुलाच्या वहींत मावेल एवढेंच आहे.

आपल्यापैकीं पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, प्राप्तिकर म्हणजे बंगलेवाल्यांची डोकेदुखी. वाणगांवच्या मिरचीवाल्याला, सातपाटीच्या नाखव्याला, चिंचणीकडे डाय कोरणाऱ्या कारागिराला त्याच्याशीं काय कर्तव्य? आपल्याला कर नाहीं, तर त्याची पंचाईत तरी कशाला? मीही बरींच वर्षें असेंच समजत होतों. पण गेल्या सालीं एक लहानशी गोष्ट घडली आणि माझे डोळे उघडले.

विक्रमगडच्या बाजूचा माझा एक जुना विद्यार्थी बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराच्या हाताखालीं कामाला आहे. कोणत्या कारखान्यांत, तें सांगण्याचें कारण नाहीं. अशीं पोरें तेथें हजारों आहेत. एका रविवारीं तो पगारपत्रक घेऊन माझ्या घरीं आला. पगार महिना बारा हजार. खालीं कापलेल्या रकमांची यादी. फंड समजला, विमा समजला. एका ओळीवर बोट ठेवून त्यानें विचारलें, "गुरुजी, हे दोनशें कसले?"

मीं सांगितलें, "अरे, हा व्यवसाय कर. राज्य सरकारचा आहे."

"तुमचे किती कापतात?"

"दोनशेंच."

"आणि आमच्या मोठ्या साहेबांचे?"

"त्यांचेही दोनशेंच."

पोरगा हंसला व म्हणाला, "म्हणजे गुरुजी, साहेब आणि मी एका ठिकाणीं तरी सारखे झालों म्हणायचे!"

तो हंसला, पण मला हंसूं आलें नाहीं. इतकीं वर्षें माझ्याही पगारांतून ते दोनशें रुपये जात होते आणि मीं एकदांही तें गणित मांडून पाहिलें नव्हतें. शेंकडेवारी शिकविणाऱ्या मास्तरास ही लाजेची गोष्ट होय. त्या रात्रीं मीं वही काढली. तेंच गणित आज तुमच्यापुढें मांडतों.

महाराष्ट्रांत व्यवसाय कराचा कायदा १९७५ सालचा आहे. त्याचें कोष्टक असें: पुरुष नोकरदारास महिना साडेसात हजारांपर्यंत कर नाहीं, त्यापुढें दहा हजारांपर्यंत महिना १७५ रुपये, आणि दहा हजारांच्या वर गेला कीं महिना २००, फेब्रुवारींत मात्र ३००. म्हणजे सालाचे २,५०० रुपये. ह्यापुढें पायरी नाहीं. दहा हजार एक रुपया मिळविणारा आणि दहा लाख मिळविणारा, दोघेही २,५०० रुपयांवर येऊन थांबतात.

आतां पाहा. बारा हजार पगाराच्या माणसाची वर्षाची मिळकत १,४४,०००. त्यांतून २,५०० गेले म्हणजे शेंकडा १ रुपया ७४ पैसे गेले. महिना एक लाख मिळविणाऱ्याचे शेंकडा २१ पैसे गेले. आणि महिना दहा लाख मिळविणाऱ्याचे? शेंकडा दोन पैसे! शेंकडेवारी ज्यांना नको असेल त्यांनीं दिवस मोजावेत. महिन्याचे सव्वीस दिवस काम धरलें, तर हा एक कर फेडावयास माझ्या विद्यार्थ्याला सुमारें साडेपांच दिवस राबावें लागतें. लाखवाल्याचा पाऊण दिवसही जात नाहीं. दहा लाखवाले साहेब सकाळीं खुर्चीवर बसले आणि त्यांनीं चहा संपविला, कीं त्यांचा वर्षाचा कर फिटला.

कोणी म्हणतील, सर्वांना सारखा कर, मग अन्याय कोठें झाला? मित्रहो, ह्या "सारखा" शब्दानें गरिबाला फार वेळां फसविलें आहे. गाडीला एका बाजूस जवान खोंड व दुसऱ्या बाजूस थकलेला बैल जुंपावयाचा असेल, तर शहाणा गाडीवान काय करतो? थकलेल्या बैलाच्या बाजूस ओझें हलकें पडेल अशा बेतानें जूं सरकवून बांधतो. जूं बरोबर मध्यावर बांधून "मीं दोघांना सारखेंच वागविलें" असें म्हणणारा गाडीवान आपण पाहिला, तर त्याला मूर्ख म्हणूं. कराचा न्यायही ह्याच जातीचा आहे. किती रुपये घेतले हें पाहून तो ठरत नाहीं. घेतल्यावर घरांत काय उरलें, हें पाहून ठरतो. दहा लाखांतून दोनशें गेले तर साहेबांना तें कळतही नाहीं. बारा हजारांतून दोनशें गेले म्हणजे पोरीची वह्यापुस्तकें गेलीं, नाहीं तर आजीची औषधाची बाटली गेली.

दुसरें असें कीं, आपण शेतकरी आधीं बियाणें बाजूला काढतों, मग खाण्यापुरतें ठेवतों आणि उरेल तें विकतों. बियाणें विकून देणें फेडणारा पुढच्या सालीं उपाशी मरतो. तसेंच पोट, लुगडें, शाळा व दवाखाना ह्यांपुरतें आधीं बाजूस ठेवून वर जें उरेल त्यावर सरकारनें हात घालावा. ज्याचें जास्त उरतें त्याच्याकडून जास्त घ्यावें. एवढींच दोन तत्त्वें आहेत. कराचीं सगळीं पुस्तकें ह्या दोन तत्त्वांवर घांसून पाहावीं.

हा तराजू आजच वांकडा झाला आहे असें नाहीं. थोडें मागें जाऊन पाहूं. हिंदुस्थानांत प्राप्तिकर प्रथम आला १८६० सालीं. १८५७ च्या बंडानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून जेम्स विल्सन नांवाच्या अर्थमंत्र्यानें तो बसविला. सालीना २०० रुपयांखालीं मिळकत असणाऱ्यास माफी होती. मोठ्या लोकांनीं पुष्कळ ओरड केली आणि १८६५ सालीं तो बंद झाला. पुढें १८८६ सालीं कायमचा कायदा झाला. त्यांत ५०० रुपयांखालीं माफी, २,००० पर्यंतच्या पगारावर रुपयास चार पै आणि त्यावर रुपयास पांच पै असा दर ठेवला. म्हणजे पायरी होती, पण ती एका पैची! वरच्या उत्पन्नास चढता दर लावावयास १९१६ साल उजाडावें लागलें.

त्याच काळांत गरिबाकडून काय घेतलें जात होतें? मीठ पाहा. वसईच्या खाडीकांठीं मिठागरें आपल्या डोळ्यांदेखत आहेत. तेथें उन्हांत पाय खरवडून मीठ पिकवावयाचें आपल्या आगरी बंधूंनीं, आणि १८८८ सालापासून त्या मिठावर सरकारचा कर मणामागें अडीच रुपये! श्रीमंत मनुष्य गरिबापेक्षां जास्त मीठ खात नाहीं. उलट उन्हांत घाम गाळणाऱ्यालाच तें जास्त लागतें. अबकारीचेंही तसेंच. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत १८९२ सालीं कायदा करून मोहाच्या फुलांवरही बंधनें आणलीं. रानांत पडणारें फूल तें. पण त्यामुळें सरकारी दारूचें उत्पन्न बुडतें म्हणून वारल्याच्या झोंपडीवर नजर! मिठाचा कर १९४७ सालीं उठला. तोंपर्यंत किती पिढ्यांनीं तो कण कण भरला, ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

जमिनीचा सारा हाही तसाच. जोतीराव फुले ह्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत स्पष्ट सांगितलें होतें कीं, सरकारच्या तिजोरींतला पुष्कळसा पैसा रयतेच्या घामाचा आहे, पण शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. त्यानंतर १९२७ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं ह्याच गोष्टीवर बोट ठेवलें. प्राप्तिकर देणाऱ्यास मिळकत झाली नाहीं तर कर नाहीं, आणि मिळकत ठराविक मर्यादेखालीं असली तरीही कर नाहीं. शेतकऱ्यास मात्र मिळकत कितीही लहान असो, सारा भरलाच पाहिजे. पीक बुडालें तर सूट मिळणें न मिळणें सरकारच्या मर्जीवर. हा भेद कां, असा त्यांचा सवाल होता. शंभर वर्षें होत आलीं, पण हा सवाल जुना झालेला नाहीं. फक्त साऱ्याचें ओझें हलकें होऊन त्या जागीं दुसरे कर उभे राहिले आहेत.

आतां आजचा प्राप्तिकर पाहूं. त्याच्या नांवानें बोटें मोडणारे पुष्कळ आहेत, पण मला खरें सांगावयाचें तर सगळ्या करांत ह्याचीच घडण न्यायाची आहे. विहिरीच्या पायऱ्यांसारखी ती आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पानें नव्या पद्धतींत ठरविलेल्या पायऱ्या अशा: पहिल्या चार लाखांवर कांहीं नाहीं, पुढच्या चार लाखांवर शेंकडा ५, मग दर चार लाखांच्या पायरीस १०, १५, २०, २५, आणि चोवीस लाखांच्या पुढें ३०. पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही वाटतें कीं, एक रुपया वरच्या पायरीवर गेला कीं सगळ्या मिळकतीवर वरचा दर बसतो. तसें नाहीं. ज्या पायरीवर जेवढे रुपये पडतात, तेवढ्यांवरच त्या पायरीचा दर. चोवीस लाख करपात्र मिळकत असणाऱ्याचा कर ह्या हिशेबानें तीन लाख होतो, म्हणजे शेंकडा साडेबारा. त्याच्या दुप्पट, अठ्ठेचाळीस लाखवाल्याचा होतो दहा लाख वीस हजार, म्हणजे शेंकडा सव्वाएकवीस. (वरचा उपकर मीं सोडून दिला आहे.) मिळकत दुप्पट, पण कर तिपटीहून अधिक. खोंडाकडे जूं सरकवून बांधणें तें हेंच.

शिवाय बारा लाखांपर्यंत करपात्र मिळकत असणाऱ्यास सूट देऊन त्याचा कर शून्यावर आणला आहे. पगारदारास प्रमाणित वजावट धरून ही रेघ पावणेतेरा लाखांवर जाते. मजसारख्या शाळामास्तराला ह्याचा फायदा झाला आणि मीं तो आनंदानें घेतला. पण आतां माझ्या विद्यार्थ्याच्या पगारपत्रकाकडे पुनः वळा. महिना लाख रुपये मिळविणाऱ्यास प्राप्तिकर शून्य. व्यवसाय कर सालीना २,५००. महिना बारा हजार मिळविणाऱ्यास प्राप्तिकर शून्य. व्यवसाय कर सालीना २,५००. पगारांतून कापल्या जाणाऱ्या सरकारी करांत दोघे तंतोतंत सारखे! लाखवाल्याला मध्यमवर्ग म्हणून दिल्लीनें दिलासा दिला, तो योग्य असेल. परंतु बारा हजारवाल्याचे दोनशें रुपये सोडावेत हें कोणालाच सुचलें नाहीं. त्याच्यासाठीं वर्तमानपत्रांत मथळा येत नाहीं, आणि अंदाजपत्रकाच्या दिवशीं त्याला कोणी मत विचारीत नाहीं.

प्राप्तिकराच्या ह्या पायऱ्यांनाही कांहीं ठिकाणीं भगदाडें आहेत, तींही दाखवितों.

पहिलें असें कीं, पगारदाराचा कर पगार हातांत पडण्यापूर्वींच कापला जातो. धंदेवाल्याला आपली मिळकत आपणच सांगावयाची असते. सगळे धंदेवाले लबाड आहेत असें मी म्हणत नाहीं. प्रामाणिक दुकानदार आपल्या बाजारांत पुष्कळ आहेत. पण एकाला लपविण्याची सोयच नाहीं आणि दुसऱ्याला ती आहे, हा फरक राहतोच.

दुसरें, मिळकतीच्या जातीप्रमाणें दर बदलतो. नोकरींत राबून मिळविलेल्या वरच्या पायरीच्या रुपयावर शेंकडा ३०. पण वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर बाजारांत विकून झालेल्या नफ्यावर, पहिले सव्वा लाख सोडून, शेंकडा साडेबारा. हा दर जुलै २०२४ पासूनचा आहे. कंपनीनें तिच्या नफ्यावर आधींच कर भरलेला असतो, असें ह्याचें समर्थन करतात. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण २०१९ सालीं कंपन्यांचा दरही ३० वरून २२ वर आणला. संपत्तीवरचा कर २०१५ सालीं उठला. बापाच्या इस्टेटीवरचा कर १९५३ सालीं बसला होता, तो १९८५ सालींच गेला. मिळकत, संपत्ति व वारसा ह्या तीन दारांपैकीं दोन दारें आज मोठ्या माणसासाठीं सताड उघडीं आहेत. एके काळीं दर फारच वर गेला होता हेंही खरें. १९७३-७४ सालीं सर्वांत वरच्या पायरीवर शेंकडा पावणेअठ्ठ्याण्णव कर होता, आणि त्यामुळें लोक मिळकत लपवूं लागले. तसें व्हावें असें मी म्हणत नाहीं. घामाचा रुपया आणि बसल्या जागीं वाढलेला रुपया ह्यांना निदान एका मापानें मोजा, एवढेंच म्हणणें आहे.

तिसरें भगदाड आपल्या घराजवळचें आहे आणि तें सांगतांना तुमच्यापैकीं कोणी रागावेल. तरी सांगतों. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाहीं. १८८६ पासून ही सूट चालत आली, आणि राज्यघटनेनें शेती-उत्पन्नावरील कर राज्यांकडे दिला. आपण समजतों, ही शेतकऱ्यावर कृपा. पण नीट पाहा. दोन-तीन एकर भात आणि थोडी भाजी करणाऱ्याची मिळकत बारा लाखांच्या जवळ तरी जाते काय? ही सूट उद्यां गेली, तरी तुमच्यामाझ्या घरीं प्राप्तिकराची नोटीस येण्याचें कारण नाहीं. मग सूट कोणाच्या कामाची? ज्याची शेतीची मिळकत खरोखरच मोठी आहे त्याच्या, आणि ज्याला दुसरीकडचा पैसा शेतीचा म्हणून दाखवावयाचा आहे त्याच्या. १९७२ सालीं के. एन. राज ह्यांच्या कमिटीनें मोठ्या शेतीधारणेवर चढता कर बसवावा अशी शिफारस केली होती; ती बाजूस पडली. २०१९ सालीं महालेखापरीक्षकांच्या अहवालांत, पुरेसे कागद न पाहतांच शेती-उत्पन्नाची सूट दिल्याचीं प्रकरणें दाखविलीं आहेत. आपल्या फाटक्या घोंगडीआड दुसराच कोणी उबेला बसला आहे, आणि थंडीनें कुडकुडतों मात्र आपण.

आतां एक गोष्ट आपल्या मानाची. शहरांत कांहीं लोक म्हणतात, "मूठभर लोक कर भरतात आणि बाकीचे फुकट धान्य खातात." हें ऐकून आपलीं पोरें खालीं मान घालतात. त्यांना सांगा, मान खालीं घालूं नका. मूठभर लोक प्राप्तिकर भरतात हें खरें. पण कर सगळेच भरतात. तीनशें रुपयांचें मोबाइलचें रिचार्ज मारलें कीं त्यांत पंचेचाळीस रुपयांवर वस्तु व सेवा कर असतो. कपडे धुण्याच्या पावडरीवर शेंकडा १८. घराला भिंत घालावयाची म्हणून सिमेंटची गोण आणली, तर तिच्यावरही १८. डिझेलवर केंद्राचा कर निराळा व राज्याचा निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण व टूथपेस्ट ह्यांवरचा दर १८ वरून ५ वर आणला आणि सिमेंटचा २८ वरून १८ वर. चांगलें झालें, तें चांगलें म्हणावें. परंतु ह्या कराचा स्वभावच असा कीं, दुकानदार गिऱ्हाइकाची मिळकत विचारीत नाहीं. गोण झोंपडीला लागली काय आणि बंगल्याला लागली काय, कर तोच. बारा हजार मिळविणाऱ्याचे बाराही हजार महिनाअखेर खर्च होतात, म्हणून त्यांतल्या बहुतेक रुपयांना कुठें ना कुठें कर चिकटतो. दहा लाखवाल्याचे मोठे पैसे शिल्लक पडतात, आणि शिल्लक पैशाला हा कर लागत नाहीं. तेव्हां जो मनुष्य साबणाची वडी विकत घेतो तो ह्या देशाचा करदाता आहे. त्याला पावती मागण्याचा हक्क आहे, आणि त्या पैशाचें काय केलें हें विचारण्याचाही हक्क आहे.

मग काय, व्यवसाय कर उठवावा? नाहीं. त्याचा जन्म कशासाठीं झाला हें ऐकलें, तर तुम्हीही तसें म्हणणार नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्राच्या खेड्यांत हाताला काम नव्हतें. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना उभी राहिली. ज्याला काम पाहिजे त्याला तें देण्याची हमी सरकारनें घेतली. त्यासाठीं पैसा पाहिजे होता, म्हणून १९७५ सालीं हा कर आला. शहरांतल्या नोकरदारानें चार पैसे द्यावेत आणि खेड्यांतल्या मजुराला काम मिळावें, असा तो बेत होता. बेत उत्तम. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या आयांना विचारा, त्या मजुरीची किंमत काय होती. माझ्या विद्यार्थ्याची आई त्यांतलीच एक. आणि दैव कसें पाहा! जो कर तिच्यासारखीच्या चुलीसाठीं बसविला, तो आज तिच्या मुलाच्या पगारांतून साहेबाच्या बरोबरीनें कापला जातो. कर चांगला आहे. फक्त त्याचें जूं चुकीच्या जागीं बांधलें गेलें आहे.

तें सरकवितां येतें काय? येतें. स्त्री नोकरदारांसाठीं ही माफीची रेघ दहा हजारांवर होती. १ एप्रिल २०२३ पासून राज्य सरकारनें ती पंचवीस हजारांवर नेली. कोष्टकांतली एक ओळ बदलली, आणि तेवढ्यानें पगारदार भगिनींचे दोनशें रुपये सुटले. आकाश कोसळलें नाहीं, तिजोरीही बुडाली नाहीं. जी रेघ बहिणीसाठीं सरकवितां आली, ती तिच्या शेजारीं त्याच पगारावर उभ्या असलेल्या भावासाठीं कां सरकवूं नये? ह्याला दिल्लीस जावें लागत नाहीं. विधिमंडळ हें करूं शकतें.

दुसरी रेघ वरची. सालीना २,५०० पेक्षां जास्त व्यवसाय कर कोणाकडूनही घेऊं नये, अशी मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमांत आहे. आरंभीं ती २५० रुपये होती; १९८८ सालच्या साठाव्या घटनादुरुस्तीनें ती २,५०० झाली. त्यानंतर एवढीं वर्षें लोटलीं. भाताचा भाव बदलला, सोन्याचा भाव बदलला, साहेबांचा पगार बदलला, पण ही मर्यादा हालली नाहीं. ती संसदेनें बदलावी लागेल. कोणी विचारील, खालच्यांना सोडलें तर पैसा कोठून आणावयाचा? त्याचें गणित माझ्या वहींत आहे. महिना दहा लाख मिळविणाऱ्याकडून, माझा विद्यार्थी आज देतो त्याच दरानें, शेंकडा १ रुपया ७४ पैसे घेतले, तर एकट्याचे सालीना दोन लाख आठ हजारांवर होतात. त्र्याऐंशी कामगारांचा कर एका माणसांत निघतो, आणि तोही त्याच्यावर जास्त दर न लावतां!

तेव्हां माझ्या सूचना थोडक्यांत सांगतों. पुरुष नोकरदारांसही पंचवीस हजारांपर्यंत व्यवसाय करांतून माफी द्यावी, असा ठराव ह्या सभेनें करून आपल्या आमदारांकडे पाठवावा. वरची मर्यादा वाढवून चढत्या पायऱ्या कराव्यात, असा दुसरा ठराव खासदारांकडे पाठवावा. हीं झालीं सरकारचीं कामें. आपलीं कामें निराळीं. ज्यांचीं पोरें बोईसर-तारापूरला कामाला जातात त्यांनीं दर महिन्यास पगारपत्रक मागून घ्यावें, तें घरीं आणावें, आणि शिकलेल्या मुलामुलीकडून मोठ्यानें वाचून घ्यावें. कापलेला प्रत्येक रुपया कोणत्या खात्यांत गेला हें विचारावें. दुकानांत पावती घ्यावी. आणि शेतकरी बंधूंनो, आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या पैशाचें पीक दाखवावयास कोणी आला, तर चार रुपयांच्या लोभानें सही करूं नका. तशी सही करणारा आपल्याच मुलाच्या शाळेचे पैसे चोरतो.

कर देणें वाईट नाहीं. मी ज्या शाळेंत शिकवितों तिच्या भिंती कराच्या पैशाच्या आहेत, माझा पगार कराचा आहे, आणि दवाखान्यांतली सुई कराची आहे. गरिबाला तर ह्या गोष्टी श्रीमंतापेक्षां जास्त लागतात, म्हणून न्यायाचा कर चालावा ह्यांत गरिबाचाच जास्त स्वार्थ आहे. प्रत्येकानें आपल्या ऐपतीप्रमाणें द्यावें, आणि ऐपत मोजतांना तराजू खरा असावा.

गेल्या महिन्यांत तो पोरगा पुनः भेटला. मीं त्याला वहींतलें गणित दाखविलें. त्यानें तें दोनदां वाचलें, मग म्हणाला, "गुरुजी, हें आमच्या लाइनींतल्या सगळ्यांना दाखवूं?" मीं वहीचें पान फाडून त्याच्या हातीं दिलें. तें पान आज बोईसरला कोठें फिरत असेल तें मला ठाऊक नाहीं. पण आपणही घरीं गेल्यावर असें एक पान आपल्या पोरांकडून लिहवून घ्यावें, अशी माझी विनंति आहे.